रक्ताचें माहेर

रक्ताविषयीं आपण जितकें बोलतों तितकें शरीरांतील दुसऱ्या कोणत्याही वस्तूविषयीं बोलत नाहीं. नात्याची ओढ सांगावयाची झाली तर रक्ताची साक्ष काढावयाची, कष्टांचें वर्णन करावयाचें तर रक्ताचें पाणी केलें म्हणावयाचें, आणि कोणाच्या निगरगट्टपणाची चीड आली तर याच्या अंगांत रक्त आहे कीं पाणी असें विचारावयाचें, ही आपली नित्याची रीत आहे. परंतु ज्या रक्ताच्या नांवानें इतक्या आणाभाका होतात तें शरीरांत तयार कोठें होतें, असें एखाद्या शिकलेल्या गृहस्थास अचानक विचारलें तर तो थोडा घोटाळतो, आणि बहुधा हृदयाकडे बोट दाखवितो. हृदय रक्ताला पुढें ढकलतें, तें रक्त करीत नाहीं. तथापि त्या गृहस्थास हंसण्याचें कारण नाहीं. यकृत, प्लीहा, लसीकाग्रंथि अशीं एकामागून एक अनेक ठिकाणें धुंडाळून झाल्यावर, अवघ्या दीडशें वर्षांपूर्वीं या प्रश्नाचें खरें उत्तर सांपडलें. तें कसें सांपडलें, आणि सांपडल्यानंतरही प्रश्न कां संपला नाहीं, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

आपल्याकडील जुन्या वैद्यकाचें उत्तर सुश्रुतसंहितेंत स्पष्टपणें दिलेलें आहे. खाल्लेल्या अन्नाचा प्रथम रस होतो. तो रस यकृत व प्लीहा यांच्या ठिकाणीं पोंचला म्हणजे रंजक नांवाच्या पित्ताच्या योगानें त्यास तांबडेपणा येतो, व रसाचें रक्त होतें. रक्तापासून मांस, मांसापासून मेद, मेदापासून अस्थि, अस्थीपासून मज्जा व मज्जेपासून शुक्र अशी ही धातूंची परंपरा आहे. या वंशावळींत रक्ताचा क्रमांक दुसरा व मज्जेचा सहावा. म्हणजे मज्जा ही रक्ताची खापरपणती ठरते. आज आपणांस ठाऊक असलेलें नातें याच्या नेमकें उलट आहे. परंतु याच ग्रंथांत शरीररचना सांगतांना असेंही म्हटलें आहे कीं, मोठ्या हाडांच्या पोकळींत मज्जा असते, आणि इतर हाडांत असतो तो रक्तमिश्रित मेद होय. प्रौढ माणसाच्या हातापायांच्या लांब हाडांत बहुतांशीं पिवळी, चरबीसारखी मज्जा असते, तर बरगड्या, मणके यांसारख्या हाडांत ती तांबडी असते, हें आजचें शास्त्रही सांगतें. ज्या कोणी तें वाक्य लिहिलें त्यानें हाडें फोडून आंत पाहिलें होतें, यांत शंका नाहीं. मात्र त्या तांबडेपणावरून रक्ताचा जन्म हाडांत होतो असें अनुमान ग्रंथकारानें काढलेलें नाहीं, व अभिमानाच्या भरांत आपणही तें त्याच्या पदरीं बांधूं नये. पाहणें ही एक गोष्ट, आणि पाहिलेल्याचा अर्थ लावणें ही दुसरी.

युरोपांतील समजूतही याहून फारशी निराळी नव्हती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या गेलन या ग्रीक वैद्यानें असें प्रतिपादिलें कीं, अन्नाचें रक्त यकृतांत होतें, व तेथून तें शिरांवाटे सर्व अंगांत जाऊन जागोजागीं खर्चीं पडतें. हें मत सुमारें चौदाशें वर्षें अबाधित राहिलें. यकृताची निवड करण्यांत प्राचीनांची कांहीं मोठी चूक होती असें नाहीं. तें कापलें असतां रक्तानें भरलेलें दिसतें, त्याचा रंग रक्ताचा, आणि आंतड्यांतून निघणाऱ्या शिरा प्रथम त्यालाच मिळतात. शिवाय या मतांत अर्धें सत्य होतेंच, हें पुढें दिसून येईल.

या मतास पहिला धक्का दिला तो विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें. १६२८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें साधा हिशेब मांडला. हृदयाच्या एका ठोक्यास किती रक्त बाहेर पडतें आणि अर्ध्या तासांत ठोके किती होतात यांचा गुणाकार केला तर येणारें रक्त इतकें होतें कीं, तेवढें अन्नापासून नव्यानें तयार होणें सर्वथा अशक्य. अर्थात् तेंच रक्त पुनः पुनः फिरत असलें पाहिजे. रुधिराभिसरणाचा हा शोध सर्वांस ठाऊक आहे. पण त्यानें रक्ताच्या उत्पत्तीचा प्रश्नच बदलून टाकला हें सहसा ध्यानांत येत नाहीं. रक्त क्षणोक्षणीं ओतलें जात नसून जुन्याची झीज भरून काढण्यापुरतेंच नवें होत असेल, तर तें काम एखाद्या मोठ्या पाकशाळेंत न होतां कोठें तरी आडबाजूस, मुकाट्यानें चालत असणेंही शक्य झालें.

दुसरा पालट सूक्ष्मदर्शक यंत्रानें केला. हॉलंडांतील यान स्वामरडाम यानें १६५८ सालीं बेडकाच्या रक्तांत तरंगणारे कण पाहिले, आणि डेल्फ्ट शहरांत कापडाचा व्यापार करणाऱ्या लेव्हेनहुकनें १६७४ सालीं मनुष्याच्या रक्तांतील तांबड्या कणांचें वर्णन केलें. रक्ताचा रंग पाण्यांत विरघळलेल्या रंगासारखा नसून तो या असंख्य कणांचा आहे, असें ठरलें. आतां रक्त कोठें होतें असें विचारण्याऐवजीं या तांबड्या पेशी कोठें जन्मतात असें विचारावें लागलें. अठराव्या शतकांत विल्यम ह्यूसन यानें या पेशी गोल नसून चपट्या आहेत हें दाखविलें, व त्यांचा उगम लसीकाग्रंथि, छातींतील थायमस ग्रंथि व प्लीहा यांत शोधला. शवविच्छेदन करतांना झालेल्या जखमेचें विष अंगांत भिनून हा मनुष्य १७७४ सालीं अवघ्या चौतिसाव्या वर्षीं वारला. त्याच्या मागून आलेल्यांनीं कोणी प्लीहा, कोणी यकृत, तर कोणी खुद्द वाहतें रक्त हेंच या पेशींचें जन्मस्थान मानलें.

हाडाकडे मात्र कोणाची दृष्टि गेली नाहीं. याचें कारण उघड आहे. हाड म्हणजे शरीराचा सांगाडा, घराचे वांसे. मनुष्य मेल्यावर बाकीचें सर्व नाहींसें होऊन जें मागें राहतें तें. आपण चितेंतून जें गोळा करून आणतों त्यास अस्थि म्हणतों. मृत्यूची जी खूण, तिच्या पोटांत प्रत्येक क्षणीं लक्षावधि जन्म होत असतील ही कल्पना सुचणें सोपें नव्हतें. हाडांतील मगज हा हाडाचें पोषण करणारा किंवा पोकळी भरून काढणारा एक स्निग्ध पदार्थ, एवढीच त्याची योग्यता समजली जात असे.

ही समजूत मोडली ती १८६८ सालीं. बाल्टिक समुद्रानजीक कोनिग्सबर्ग नांवाचें त्या वेळच्या प्रशियांतील शहर आहे. आज तें रशियांत असून कालिनिनग्राड या नांवानें ओळखलें जातें. तेथील विद्यापीठांत अर्न्स्ट नॉयमान हा चौतीस वर्षांचा प्राध्यापक विकृतिशास्त्र शिकवीत असे. मनुष्याचीं व सशांचीं हाडें दाबून, त्यांतून निघणारा तांबडा रस तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूं लागला. त्यास असें आढळलें कीं, या रसांत नेहमींच्या तांबड्या पेशींखेरीज दुसऱ्या कांहीं पेशी आहेत. त्यांचा रंग तांबड्या पेशींचाच, पण त्यांच्या मध्यभागीं केंद्रक आहे. मोठ्या माणसाच्या वाहत्या रक्तांतील तांबड्या पेशींत केंद्रक नसतें. गर्भाच्या रक्तांत मात्र तशा केंद्रकयुक्त पेशी असतात, हें त्या काळीं ठाऊक होतें. या दोन गोष्टी शेजारीं ठेवून नॉयमाननें तर्क केला कीं, गर्भांत जी अपक्व पेशी सर्वत्र फिरते ती प्रौढाच्या केवळ मज्जेंत सांपडत असेल, तर मज्जा हेंच पेशीच्या बालपणाचें घर असलें पाहिजे. आणि हा जन्म एकदांच न होतां मरेपर्यंत चालू राहत असला पाहिजे. त्या वर्षींच्या १० ऑक्टोबरच्या अंकांत एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकानें त्याचें हें लहानसें टिपण छापलें. त्याच वर्षीं इटलींतील पाव्हिया येथें ज्युलिओ बिझोझेरो हा अवघा बावीस वर्षांचा तरुण स्वतंत्रपणें याच निर्णयास येऊन पोंचला.

एखादा मोठा शोध लागला कीं जग त्याचा तत्काळ स्वीकार करतें, असा एक समज आहे. नॉयमानचा अनुभव तसा नव्हता. ज्या पेशी तुम्ही मज्जेंत पाहिल्या त्या तेथें जन्मल्या कशावरून, अन्यत्र जन्मून तेथें अडकून राहिल्या नसतील कशावरून, असा आक्षेप घेतां येण्यासारखा होता. पॅरिसमध्यें हायेम या नामांकित वैद्यानें रक्तांत आढळणारे अतिसूक्ष्म रंगहीन कण हेच वाढून तांबड्या पेशी होतात, असें मत मांडलें. बिझोझेरोनें १८८२ सालीं त्या कणांचें खरें काम रक्त गोठविण्याचें आहे हें दाखविलें, तेव्हां या मताचा आधार सुटला. १८८० च्या सुमारास पाउल एर्लिखनें कापड रंगविण्याच्या नव्या कृत्रिम रंगांनीं पेशी रंगविण्याची युक्ति काढली, त्यामुळें अपक्व पेशीच्या एकेक पायऱ्या निरनिराळ्या ओळखतां येऊं लागल्या. नॉयमान स्वतः स्वस्थ बसला नव्हता. रक्तांत पांढऱ्या पेशींचा पूर येणाऱ्या असाध्य रोगांत मज्जेचें स्वरूप पालटतें, हें त्यानें १८७० सालीं सांगितलें. आणि जन्मतेवेळीं सर्व हाडांत असलेली तांबडी मज्जा वाढत्या वयाबरोबर हातापायांच्या टोंकांकडून मागें हटत जाऊन धडाच्या हाडांत राहते, हा नियम त्यानें १८८२ सालीं मांडला. १९१८ सालीं तो वारला तेव्हां त्याचें म्हणणें पाठ्यपुस्तकांत शिरलेलें होतें.

मज्जेंत हें काम कसें चालतें याचें आज ज्ञात असलेलें चित्र थोडक्यांत पाहूं. कॅनडांतील टिल व मॅककुलॉक यांनीं १९६१ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, मज्जेंत कांहीं थोड्या मूळपेशी असतात, व अशा एकेका पेशीपासून निरनिराळ्या प्रकारच्या रक्तपेशींची अख्खी वसाहत उभी राहूं शकते. या मूळपेशींच्या संततीपैकीं कांहींनीं तांबडेपणाचा मार्ग धरला म्हणजे त्या दुभंगत जातात, प्रत्येक पिढीस आकारानें लहान होत जातात, आणि हिमोग्लोबिन हें लोहयुक्त रंगद्रव्य आंत सांठवितात. अशा बालपेशी एका मोठ्या भक्षक पेशीभोंवतीं, दाईला बिलगलेल्या मुलांसारख्या, घोळका करून असतात, हें फ्रान्समधील मार्सेल बेसिस यानें १९५८ सालीं वर्णिलें. शेवटीं पेशी आपलें केंद्रकच बाहेर टाकून देते, व तें टाकलेलें केंद्रक ती दाई गिळून टाकते. केंद्रक गेल्यामुळें हिमोग्लोबिनास अधिक जागा होते, आणि पेशी इतकी लवचिक बनते कीं आपल्याहून अरुंद केशवाहिनींतूनही ती अंग चोरून निघून जाते. परंतु याचें मोलही तिला द्यावें लागतें. केंद्रक नाहीं म्हणजे डागडुजी नाहीं, आणि संततीही नाहीं. माहेर सोडलेली ही पेशी पुनः माहेरीं नांदावयास येत नाहीं.

तिचें आयुष्य किती, हें डेव्हिड शेमिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें स्वतःच्या शरीरावर मोजलें. नायट्रोजनाचा एक जड प्रकार घातलेलें ग्लायसीन नांवाचें द्रव्य त्यानें तीन दिवसांत ६६ ग्रॅम खाल्लें, आणि त्यानंतर कित्येक महिने स्वतःचें रक्त काढून तो जड नायट्रोजन रक्तांतील रंगद्रव्यांत केव्हां चढतो व केव्हां उतरतो हें पाहिलें. १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून पेशीचें सरासरी आयुष्य १२७ दिवस निघालें. आज तें सामान्यतः १२० दिवस धरतात. प्रौढ मनुष्याच्या अंगांत अशा सुमारें २५ लाख कोटि पेशी असतात. तेव्हां रोज २० हजार कोटींहून अधिक, म्हणजे दर सेकंदास २० ते २५ लाख नव्या पेशी मज्जेंतून निघाव्या लागतात. हें वाक्य वाचून होईपर्यंत वाचकाच्या बरगड्यांत, मणक्यांत, कमरेच्या हाडांत व छातीच्या मधल्या हाडांत कोटीच्या वर पेशी जन्मल्या असतील.

या जन्मस्थानासही इतिहास आहे. गर्भ तीन आठवड्यांचा होतो तेव्हां पहिल्या रक्तपेशी त्याच्या शरीराबाहेरील पीतककोशांत निर्माण होतात. पुढें कांहीं आठवड्यांनीं हें काम यकृताकडे येतें, प्लीहाही थोडा हातभार लावते, आणि गर्भवासाच्या उत्तरार्धांत मज्जा तें हळूहळू आपल्या हातीं घेते. म्हणजे गेलन व सुश्रुत यांचें उत्तर जन्मलेल्या मनुष्यास लागू नसलें, तरी न जन्मलेल्यास तें लागू पडतें. थॅलेसेमियासारख्या कांहीं आनुवंशिक रोगांत मज्जेच्या सर्व शक्ति अपुऱ्या पडूं लागल्या म्हणजे यकृत व प्लीहा हीं आपलें जुनें काम पुनः सुरू करतात, आणि त्यांचा आकार फुगतो. शरीर आपलीं जुनीं घरें साफ विसरत नाहीं.

येथवर स्थळाचा निर्णय झाला. पण किती पेशी करावयाच्या हें मज्जेस सांगतो कोण? हा दुसरा प्रश्न पर्वतांवर उपस्थित झाला. फ्रेंच वैद्य व्हिओ हा दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत मोरोकोचा या सुमारें १४,००० फूट उंचीच्या खाणींच्या गांवीं गेला, आणि दोन-तीन आठवड्यांत स्वतःच्या रक्तांतील पेशी घन मिलिमीटरास ५० लाखांवरून ७० लाखांच्या वर गेल्याचें त्यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलें. विरळ हवेंत प्राणवायु कमी, म्हणून तो वाहून नेणारे हमाल अधिक, असा याचा अर्थ. १९०६ सालीं पॅरिसमध्यें कार्नो व देफ्लांद्र यांनीं रक्त काढून घेतलेल्या सशाचा रक्तद्रव दुसऱ्या धडधाकट सशास टोंचला, व त्याच्या तांबड्या पेशी वाढल्याचें सांगितलें. रक्तांतून फिरणारा कोणी निरोप्या मज्जेस हुकूम देतो, हें त्यांचें अनुमान बरोबर होतें. परंतु पुढें इतरांना तो प्रयोग खात्रीनें साधेना, आणि हें मत जवळजवळ चाळीस वर्षें अडगळींत पडलें.

१९५० सालीं राइसमान यानें दोन उंदीर अंगानें एकमेकांस जोडून त्यांपैकीं एकासच विरळ हवा दिली. तरी दुसऱ्याचीही मज्जा जोरानें काम करूं लागली. निरोप रक्तांतूनच जातो, याविषयीं आतां संशय उरला नाहीं. १९५७ सालीं शिकागो येथें जेकबसन व गोल्डवासर यांच्या मंडळीनें जनावरांचीं एकेक इंद्रियें काढून पाहिलीं. इतर कोणतेंही काढलें तरी निरोप जात राहिला. मूत्रपिंडें काढलीं तेव्हां तो थांबला. अशा रीतीनें रक्ताची मागणी नोंदविणारी कचेरी मूत्रपिंडांत आहे, हें सिद्ध झालें. या निरोप्याचें एरिथ्रोपोएटिन असें नांव ठेवण्यांत आलें. पुढें गोल्डवासरनें वीस वर्षें हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत मिळविण्यासाठीं खर्चिलीं. ज्यांची मज्जा निकामी होते अशा रोग्यांच्या मूत्रांत हें द्रव्य अधिक उतरतें. कारण हुकूम सुटत राहतात, पण ते पाळणारा कोणी नसतो. जपानांतील मियाके यानें अशा रोग्यांचें २,५५० लिटर मूत्र मिळवून त्याचा आटवलेला अर्क शिकागोस नेला, आणि १९७७ सालीं त्यांतून हातीं लागलें तें जेमतेम १० मिलिग्रॅम द्रव्य. त्या चिमूटभर भुकटीवरून या द्रव्याचें जनुक ओळखतां आलें, आणि १९८९ सालापासून तें कृत्रिम रीतीनें तयार होऊन औषध म्हणून मिळूं लागलें. ज्यांचीं मूत्रपिंडें बिघडलीं त्यांच्या अंगीं रक्त कां धरत नाहीं, हें कोडें उलगडलें. आणि महिन्यामागून महिना दुसऱ्याच्या रक्तावर जगणाऱ्या असंख्य रोग्यांची ती परवशता पुष्कळ अंशीं सुटली. मूत्रपिंडास प्राणवायूची उणीव कळते कशी, हें उकलणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

तिसरा प्रश्न सामग्रीचा. घर आहे, हुकूम आला आहे, पण कोठींत धान्य नसेल तर काय? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग मुंबईंत सांपडला, हें आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक नसतें. १९२८ सालीं ल्यूसी विल्स नांवाची इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईस आली, आणि परळच्या हाफकिन संस्थेंत राहून, गरोदर स्त्रियांस होणाऱ्या एका घातक पांडुरोगाचा तिनें अभ्यास मांडला. गिरण्यांत मजुरी करणाऱ्या गरीब बायकांत हा रोग विशेष होता. त्यांच्या रक्तांतील पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या असत. विल्सनें या बायका काय खातात याची बारकाईनें विचारपूस केली, तसाच निकस आहार जनावरांस देऊन पाहिला, आणि अखेरीस मार्माइट या स्वस्त पदार्थानें तिला वाट दाखविली. मार्माइट म्हणजे बीअर तयार करतांना खालीं उरणाऱ्या यीस्टचा अर्क. तो दिल्यानें मरणाच्या दारीं पोंचलेल्या स्त्रिया सुधारल्या, हें तिनें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें.

यापूर्वीं १९२६ सालीं अमेरिकेंत मिनॉट व मर्फी यांनीं अशाच मोठ्या पेशींच्या दुसऱ्या एका पांडुरोगावर जनावरांचें यकृत खावयास देऊन गुण आणला होता, व त्याबद्दल व्हिपल यांच्यासह त्यांस १९३४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. यकृत पुनः रंगभूमीवर आलें, तें रक्त करणारें म्हणून नव्हे तर रक्तास लागणारें बी-१२ हें जीवनसत्त्व सांठविणारें म्हणून. विल्सला असें दिसून आलें कीं, फार शुद्ध केलेल्या यकृताच्या अर्कानें तिचे रोगी सुधारत नाहींत, पण यीस्टनें सुधारतात. तेव्हां यीस्टमध्यें दुसरेंच कांहीं द्रव्य असलें पाहिजे. तें द्रव्य १९४१ सालीं अमेरिकेंतील टेक्सास येथें कित्येक टन पालकाच्या भाजींतून वेगळें काढण्यांत आलें, व पानांत सांपडलें म्हणून त्यास फॉलिक ॲसिड म्हणूं लागले. तें रसायनशाळेंत तयार करण्याचें काम १९४५ च्या सुमारास न्यूयॉर्कनजीकच्या एका कारखान्यांत ज्या मंडळीनें केलें तिचा प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव हा आंध्र प्रांतांतून गेलेला भारतीय शास्त्रज्ञ होता.

या रोगांत मज्जा पाहिली तर मोठा चमत्कार दिसतो. ती रिकामी नसते. उलट बालपेशींनीं गच्च भरलेली असते. मूत्रपिंडाचा हुकूम जोराचा आहे, कारखाना गजबजलेला आहे. परंतु फॉलिक ॲसिड नसल्यामुळें पेशीचें केंद्रक नीट दुभंगत नाहीं, पेशी नुसती फुगते, आणि बहुतेक जागच्या जागीं मरते. काम अहोरात्र चालूं आहे, पण घरांत अन्न नाहीं. विल्सनें जें गिरणगांवांत पाहिलें तेंच मज्जेंतही चाललें होतें.

लोहाची गोष्ट याहून साधी आणि याहून व्यापक आहे. रोज नव्या पेशींसाठीं मज्जेस सुमारें २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतें. त्यांतील बहुतेक सर्व मेलेल्या पेशींतून काढून पुनः वापरलें जातें; शरीर या बाबतींत अत्यंत काटकसरी आहे. अन्नांतून अंगीं लागावें लागतें तें दिवसास केवळ १ ते २ मिलिग्रॅम. परंतु स्त्रीस दर महिन्यास रक्त गमवावें लागतें, गर्भारपणीं आपल्या सांठ्यांतून मुलास द्यावें लागतें, बाळंतपणीं पुनः कांहीं जातें. आणि पोटांत जंत असले तर तेही आपला वांटा घेतात. ही तूट अन्नानेंच भरून निघावयाची. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ पांडुरोगी आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें. या सर्वांचें कारण लोहाची उणीवच आहे असें नाहीं. तथापि तें सर्वांत मोठ्या कारणांपैकीं एक आहे, याविषयीं वाद नाहीं.

रक्ताच्या जन्माचा हा इतिहास पाहतां एक गोष्ट ठळकपणें दिसते. प्रत्येक वेळीं उत्तर सांपडलें तें लोकांनीं टाकाऊ किंवा अमंगळ मानलेल्या वस्तूंत. पहिलें उत्तर हाडांत, दुसरें मूत्रांत, आणि तिसरें दारूच्या पिंपाच्या तळाशीं उरलेल्या गाळांत. ज्यांनीं तीं शोधून काढलीं त्यांनीं विटाळ मानला नाहीं, एवढाच त्यांचा विशेष. आतां जें राहिलें आहे तें मात्र शोधून काढण्याचें काम नव्हे. बरगड्यांतील मज्जा आपलें काम जाणते, मूत्रपिंडांतून हुकूम वेळच्या वेळीं सुटतो, आणि त्या दोहोंस लागणारी सामग्री पालेभाजी, कडधान्यें, अंडीं, मांस यांत, व सरकारी दवाखान्यांत वांटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्यांत आहे. मध्यें उभी आहे ती आपली एक फार जुनी चाल: घरांतील पुरुष व मुलें जेवून उठल्यावर, भांड्यांत जें उरेल तें खाऊन घरच्या बाईनें हात धुवावे. ज्या घरांत ही चाल अजून पाळली जाते त्या घरांत रक्त कोठें तयार होतें हें ठाऊक असून नसून सारखेंच. नॉयमानच्या उत्तरांत बदल करण्याचें कारण दीडशें वर्षांत पडलेलें नाहीं. परंतु तें उत्तर जिच्या उपयोगीं पडावयास हवें तिच्यापर्यंत पोंचविण्याचें काम प्रयोगशाळेचें नाहीं, पंक्तींत तिचें पान प्रथम मांडणाऱ्याचें आहे.